आईचा गुडघा बदलला त्याला आठ महिने झाले: तपासणी, ऑपरेशन, खर्च आणि नंतरचे सहा आठवडे

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन परवा आठ महिने झाले. ऑपरेशनच्या आधी मी रात्र रात्र जे शोधत होते ते एका जागी कुठेच सापडलं नाही, एकतर हॉस्पिटलच्या जाहिराती नाहीतर "आमच्या शेजारच्या काकूंचं बिघडलं" असल्या गोष्टी, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ऑपरेशन कोल्हापूरला झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण चांगलं वाईट दोन्ही लिहिणारे आणि मला एका हॉस्पिटलबद्दल बोलायचं नाहीये, पहिल्या तपासणीपासून घरच्या फिजिओपर्यंत ही जी सगळी सर्व्हिस आपण पैसे देऊन घेतो तिच्याबद्दल बोलायचंय. आधीच सांगून टाकते, तपासणीला पाचपैकी पाच, ऑपरेशनला साडेचार, आणि डिस्चार्जनंतरच्या काळजीला दोन.

आई ६८ वर्षांची, कराडजवळच्या गावात राहते. तीस वर्षं तिनं घरगुती खानावळ चालवली, म्हणजे रोज विळीवर बसून पाच-सहा किलो भाजी चिरायची, उकिडवं बसून भाकऱ्या भाजायच्या, उठबस तर मोजायचीच नाही. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणाली की जिना चढताना काही नाही पण उतरताना गुडघ्यात कळ येते. मग हळूहळू असं व्हायला लागलं की अर्धा तास बसली की उठताना गुडघा आखडलेला, पहिली चार-पाच पावलं भिंतीला धरून, मग चालायला लागली की मोकळा, आणि संध्याकाळी परत ठणका. सकाळी पण आखडायचा पण चहा होईपर्यंत सुटायचा, हे लक्षात ठेवा, पुढे यावर सांगते. उठताना करकर आवाज यायचा तो मला शेजारी बसून ऐकू यायचा. लग्नाकार्यात दिवसभर उभी राहिली की दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून टम्म. शेवटच्या दोन वर्षांत पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला, एसटीची पायरी चढता येईना, आणि रात्री कूस बदलताना जाग यायला लागली. रात्रीचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी घाबरले.

मधल्या काळात आम्ही सगळं केलं जे सगळे करतात. निर्गुडीचं तेल, लसणाचं तेल, गरम पाण्याची पिशवी. मेडिकलमधून गोळ्या, चिठ्ठी नाही काही नाही, "ती गुडघ्याची लाल गोळी द्या" म्हणायचं की मिळायची, आणि आईनं ती चार-पाच वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा तरी खाल्ली. नंतर रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते दाखवणारा आकडा, वाढलेलं निघालं. आईला बीपी आहे, त्यात या वेदनाशामक गोळ्या बीपी पण वाढवतात आणि किडनीला पण त्रास देतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही विचारलं पण नाही. ही चूक आमची, आणि ती सगळ्यात आधी सांगावीशी वाटते कारण आता गावातल्या प्रत्येक दुसऱ्या बाईच्या पर्समध्ये मला तीच पट्टी दिसते.

जेलचं इंजेक्शन पण घेतलं, "गुडघ्यातलं वंगण संपलंय, वंगण भरून देतो" असं सांगून. पैसे बरेच गेले, फरक महिनाभर पण टिकला नाही. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं की वंगण संपलं ही बोलायची भाषा झाली, खरं म्हणजे हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते, तिच्याखालचं हाड कडक होतं, कडेला हाडाचे काटे वाढतात, आणि कूर्चा पूर्ण गेली की हाडावर हाड घासतं, मग वरून काहीही ओतलं तरी त्या जागी नवी कूर्चा येत नाही.

आता तपासणी. पहिल्यांदा आम्ही पुण्यात एका मोठ्या ठिकाणी दाखवलं. आईला झोपवून एक्सरे काढला, डॉक्टरांनी तो लाइटसमोर धरला, म्हणाले गॅप (दोन हाडांमधली जागा) संपलाय, उशीर केलात, दोन्ही गुडघे एकदम बदलून टाकू, पॅकेज बाहेर समजावून देतील. जेमतेम तीन मिनिटं. आईच्या गुडघ्याला हातही लावला नाही. बाहेर एका मुलीनं छापील कागद दिला, त्यात रोबोटिकचे, म्हणजे रोबोटच्या मदतीनं ऑपरेशनचे, वेगळे, इंपोर्टेड सांध्याचे वेगळे, आणि या महिन्यात बुक केलं तर सवलत. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "अगं, मी मोसंबी घ्यायला गेले तरी हातात घेऊन बघते." मला फार वाईट वाटलं. आम्ही परत गेलो नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांचं सांगते. त्यांनी आधी आईला चप्पल काढून कॉरिडॉरमधून चालायला लावलं, जाताना मागून बघितलं, येताना समोरून. मग टेबलावर झोपवून गुडघा वाकवला, सरळ केला, पूर्ण सरळ होत नव्हता, टेबलापासून तीन बोटं वर राहायचा, ते त्यांनी आम्हाला वाकून दाखवलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबत दाबत गेले, एका ठिकाणी आई ओरडली. मग गुडघा सोडून खुबा फिरवून बघितला, पाय सरळ वर उचलून कमरेचं बघितलं, पायाची नाडी बघितली, आणि शेवटी हातात हात घेऊन बोटं बघितली. आईच्या बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर कडक गाठी आहेत, आम्हाला वाटायचं कामानं आल्यात. त्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात म्हणे, या झिजेच्या सांधेदुखीची खूणच आहे ती, बायकांना पाळी गेल्यावर जास्त येतात आणि घराण्यात चालत येतात. एक्सरे परत काढला, पण उभं राहून, कारण झोपून काढला की सांध्यावर वजन नसतं आणि गॅप खोटा मोठा दिसतो. उभ्यानं काढल्यावर उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला रेघसुद्धा राहिली नव्हती. ० ते ४ अशी ग्रेड असते, उजवा ४ आणि डावा ३.

आणि मग ते जे बोलले त्यासाठी पाच स्टार. म्हणाले, "काकू, मी एक्सरेचं ऑपरेशन करत नाही, तुमचं करतो. तुम्हाला आता काय करता येत नाही ते सांगा." आईनं सांगितलं, देवळात जाता येत नाही, बाजार करता येत नाही, रात्री झोप नाही. डावा दुखतो का, तर थोडा थोडा. म्हणाले मग डाव्याला आता हात लावायचा नाही. आणखी एक म्हणाले, पोटरीपासून पावलापर्यंत ज्या मुंग्या येतात त्या कमरेच्या मणक्यातल्या नसेच्या आहेत, गुडघा बदलून त्या जाणार नाहीत, हे आत्ताच ऐकून ठेवा. खरंच गेल्या नाहीत. पण आधी सांगितलेलं असल्यामुळे आईनं ऑपरेशनला कधी दोष दिला नाही.

हा तपासणीचा मुद्दा मी एवढा लांबवतेय कारण आमच्या घरातच याचं दुसरं उदाहरण आहे. माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता, त्याचा गुडघा दुखतो म्हणून दीड वर्ष गुडघ्यालाच शेक, गुडघ्यालाच पट्टा, गुडघ्यालाच इंजेक्शन, आणि गुडघ्याचा एक्सरे मात्र चांगला. आईच्या वेळी तो बरोबर आला होता, डॉक्टरांनी त्याला चालताना बघितलं आणि नंबर नसताना आत बोलावलं. विचारलं, पायाची नखं स्वतः कापता का, मोजे घालता येतात का? मामा म्हणाला नाही, वर्ष झालं मामी कापते. दुखणं नेमकं कुठं सुरू होतं, तर जांघेत, आणि मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं. झोपवून पाय आत फिरवायला गेले तर फिरेचना, दार अडकावं तसा. खुब्याचा सांधा गेला होता. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे दीड वर्षात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडे खुब्याचा सांधा नुसत्या वयानं कमी झिजतो, बऱ्याचदा खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन तो आधी बसतो आणि मग सांधा खराब होतो, दारू किंवा स्टिरॉइडचा जास्त वापर ही त्याची मोठी कारणं. मामाचं तेच निघालं, त्याला पूर्वी अंगावरच्या खाजेसाठी कितीतरी महिने स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या.

मामाचा खुबा आईच्या आधी दोन महिने बदलला. वाटीसारखा भाग वेगळा, गोळा आणि दांडा वेगळा, ही पद्धत इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास बसवली, आजही मूळ कल्पना तीच आहे. आणि दोन्ही ऑपरेशनं एका घरात बघितल्यामुळे खात्रीनं सांगते, खुबा लवकर विसरायला होतो, गुडघा आठवण ठेवायला लावतो. मामा तीन आठवड्यांत काठी सोडून चौकात गेला. त्याला पथ्य वेगळं होतं, पहिले काही आठवडे खाली बसायचं नाही, बुटक्या खुर्चीत नाही, पायावर पाय नाही, कारण गोळा वाटीतून निसटू शकतो. पण वाकवायचा व्यायाम रडत रडत करायला लागला नाही.

मावशीचं पण विचारून घेतलं, तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, बरणीचं झाकण फिरवताना, धुणं पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना. तिथं हाड पुढं आल्यासारखं चौकोनी दिसतं. तिच्यासाठी पट्टा दिला, रात्री आणि कामाच्या वेळी घालायचा, आणि सांगितलं की अगदीच हाताबाहेर गेलं तर मनगटाजवळचं एक छोटं हाड काढून टाकतात, तिथं सांधा बसवायची सहसा गरज पडत नाही, पण बोटांच्या गाठी नुसत्या दिसायला वाईट म्हणून कापायच्या नाहीत. तिला भीती होती की हा आमवात आहे. त्यावर डॉक्टरांनी फरक सांगितला, आमवातात मनगट आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, गरम आणि मऊ लागतात, सकाळचं आखडणं तास तास सुटत नाही. झिजेच्या दुखण्यात अर्ध्या तासाच्या आत सुटतं. आईचं चहा होईपर्यंत सुटायचं ते हेच. आमवात असेल तर त्याची औषधंच पूर्ण वेगळी असतात आणि ती लवकर सुरू करायला लागतात, म्हणून हे ओळखणं महत्त्वाचं. आपण सगळ्यालाच संधिवात म्हणून मोकळे होतो.

माझ्या बाबांचा घोटा जुन्या फ्रॅक्चरनंतर झिजलाय, तिथं बहुतेकदा सांधा बदलण्यापेक्षा स्क्रूनं जाम करून टाकतात, हललाच नाही तर दुखणार नाही असा हिशोब. बाबा तयार नाहीत, ठीक आहे, टाचेला आधार देणारे बूट घालून चाललंय त्यांचं.

गुडघ्यातही एकच ऑपरेशन नसतं हे मला तिथंच कळलं. आमच्या पुढच्या नंबरला ४६ वर्षांचा एक शेतकरी होता, पाय वाकडा पण सांध्याची बाहेरची बाजू चांगली, त्याला नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून पाय सरळ करायचा सल्ला दिला, म्हणजे भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर जातो आणि त्याला शेतात काम करता येतं. एकच बाजू गेलेली असेल तर अर्धाच गुडघा बदलता येतो. आईच्या दोन्ही बाजू आणि गुडघ्याच्या वाटीमागची बाजू पण खराब होती म्हणून पूर्ण. दुर्बिणीतून "साफ" करून घ्या असं आम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं होतं, त्यावर मी वाचलं तर २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला १८० पेशंटवर अभ्यास झालाय, काहींचा गुडघा खरंच दुर्बिणीनं धुतला-खरवडला आणि काहींना फक्त वरून चिरा दिल्या, आणि नंतर दोन्हीकडे दुखणं सारखंच. त्यामुळे झिजेसाठी नुसतं साफ करायला कुणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आई लगेच तयार झाली नाही. तीन महिने घेतले. त्या तीन महिन्यांत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मांडीचे व्यायाम केले आणि वजन ७४ वरून ६९ वर आणलं. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो, हे ऐकल्यावर तिनं चहातली साखर सोडली. डावा गुडघा यानंच बराच शांत झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उजव्याला मात्र फरक पडेना. शेवटी तिनं स्वतःच विषय काढला, "वाजपेयींचं झालं होतं की ब्रीच कँडीत." आमच्या घरात गुडघा बदलतात हे पहिल्यांदा कळलं ते तेव्हाच, २००० साली त्यांचा डावा आणि २००१ मध्ये उजवा. डॉक्टर चित्तरंजन राणावत अमेरिकेहून आले होते. ते मूळचे मध्य प्रदेशचे आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आजच्या कृत्रिम गुडघ्याचा जो आराखडा तयार झाला त्यातही त्यांचा हात होता. पंतप्रधान पायऱ्या चढायचे ते आईनं टीव्हीवर बघितलेलं, तेवढ्यावर तिचा धीर आला.

खर्चाचं स्पष्ट लिहिते. सेमी प्रायव्हेट रूम, चार रात्री, सगळं धरून एका गुडघ्याचे आमचे दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास झाले. सांध्याच्या किमतीवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा नेहमीचा कोबाल्ट क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला होता, नंतर थोडे फेरफार होतात, पण सांध्याचेच दीड-दोन लाख असं कुणी सांगितलं तर थांबून बिल मागा. सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या, त्यावर कंपनी, साइज आणि बॅच नंबर असतो, उद्या परत काही करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. रोबोटिकबद्दल विचारलं तर डॉक्टर सरळ म्हणाले, हाड कापण्यात अचूकता वाढते, पण पेशंटला पुढे त्यानं जास्त बरं वाटतं असं ठामपणे सांगता येत नाही, पैसे असतील तर करा नसतील तर मन खाऊ नका. आम्ही साधं केलं. इन्शुरन्समध्ये सांधे बदलण्यासाठी वेगळा वेटिंग पिरियड असतो, आमचा दोन वर्षांचा होता आणि तो नशिबानं पूर्ण झालेला, तुमची पॉलिसी आजच काढून तेवढं पान वाचा.

आधीच्या तपासण्यांना आठवडा गेला, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शुगरचं तीन महिन्यांचं ॲव्हरेज, लघवी, आणि दातसुद्धा. आईची एक दाढ किडलेली होती, ती काढेपर्यंत तारीख दिली नाही, कारण शरीरात कुठेही इन्फेक्शन असलं तर ते नव्या सांध्यात जाऊन बसू शकतं. पायाला भेगा होत्या त्या पण आधी भरून घेतल्या. मला आधी हे फुकटचं लांबवणं वाटलं होतं, नंतर कळलं की सांध्यात इन्फेक्शन झालं तर बऱ्याचदा सांधा काढून परत सगळं करायला लागतं, शंभरात एखाद-दोघांना होतं पण ज्याला होतं त्याचे हाल बघवत नाहीत.

ऑपरेशन सव्वा तासाचं. कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे आई जागी होती, ठोकल्याचा आवाज येत होता म्हणाली पण दुखलं काही नाही. लोकांना वाटतं गुडघा कापून लोखंडी गुडघा घालतात. तसं नसतं, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक साधारण आठ-दहा मिलिमीटर तासून त्यावर धातूची टोपी बसवतात, दाताला कॅप बसवतात तशी, सिमेंटनं चिकटवतात आणि मध्ये एका खास प्लास्टिकची गादी. पाय त्याच टेबलावर सरळ झाला. बाहेर आणल्यावर मी पांघरूण उचलून बघितलं, नऊ वर्षांनी आईचे दोन पाय वेगवेगळे दिसत होते, एक धनुष्य आणि एक सरळ, आणि मला तिथंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी केली आणि बाथरूमपर्यंत चालवली. पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून, आणि दर तासाला घोट्यातून पाऊल वरखाली. सगळ्यात चांगलं काम फिजिओच्या मुलीनं केलं, पंचविशीची असेल, आईला "आजी" म्हणायची. तिच्याकडे कोनमापकासारखी लांब दांड्यांची प्लास्टिकची पट्टी होती, ती गुडघ्याला लावून रोज आकडा मोठ्यानं वाचायची. पहिल्या दिवशी ४० अंश. आई म्हणाली आता नाही होत. ती पलंगाच्या कडेला बसली, आईचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं, म्हणाली, "आजी, तुम्ही वाकवू नका, फक्त पाय सोडून द्या, मी धरलाय." तिसऱ्या दिवशी ७०, घरी जाताना ८५. वाकण्याइतकंच सरळ होणं महत्त्वाचं हे तिनंच पक्कं केलं, उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली कधीच नाही, कारण गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं आणि गुडघा वाकडाच राहून जातो.

आता तक्रार. डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला दोन पानं मिळाली, इंग्रजीत, बारीक अक्षरात. औषधं समजावली, बाकी काही नाही. घरी गेल्यावर काय होणार हे कुणी सांगितलंच नाही. गुडघा दोन-अडीच महिने गरम लागतो, संध्याकाळी सुजतो, पोटरीवर काळंनिळं उतरतं, जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढी जागा बधिर होते, चालताना टकटक आवाज येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस हताश होतो, ही सगळी नेहमीची गोष्ट आहे. पण आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी घाबरून फोन, आणि फोन रिसेप्शनच्या पुढे जायचा नाही. अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता आई म्हणाली, "चांगला चालता पाय मी कापून घेतला." खरं तर तो चालता नव्हताच, पण त्या रात्री तिला समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते. एक साधा मराठीतला कागद दिला असता, आठवड्यागणिक काय अपेक्षित आहे आणि काय झालं तर धावत यायचं, तर ती रात्र वेगळी गेली असती. धावत यायचं म्हणजे काय ते मी लिहून ठेवते: जखमेतून पाणी येत राहिलं, ताप भरला, एकाच पायाची पोटरी घट्ट सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं.

पॅकेजमध्ये घरचा फिजिओ नव्हता हे पण डिस्चार्जच्या वेळी कळलं. गावात येणारा शोधेपर्यंत पाच दिवस गेले आणि ८५ चा आकडा ७५ वर आला. ते भरून काढायला तीन आठवडे लागले. वॉकर मेडिकलवाल्यानं दिला तो उंच होता, आई खांदे वर करून चालायची आणि मान धरायची, सहा दिवसांनी आलेल्या फिजिओनं दोन मिनिटांत खालच्या कळा दाबून बसवला: हात सरळ खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेवर यायला हवी. ही दोन मिनिटं हॉस्पिटलमध्ये कुणालाच नव्हती. तुम्ही तारीख ठरवायच्या आधीच घरचा फिजिओ ठरवा, वॉकर आणून उंची बसवून घ्या, आणि कमोडची खुर्ची आणा, भारतीय संडासात बसता येणार नाही, कधीच. जमिनीवर मांडी घालून बसणं पण गेलं. आईला हे आधी सांगितलेलं होतं, तरी संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर आणि ती एकटी खुर्चीत, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. विळी माळ्यावर गेली. आता ओट्यापाशी उंच स्टूलवर बसून सुरीनं चिरते, कांदा नीट होत नाही म्हणते.

आजची स्थिती अशी. गुडघा वाकतो ११५ अंश, पूर्ण सरळ होतो. रात्रीचं दुखणं शून्य. देवळात जाऊन येते, पाऊण किलोमीटर, काठी फक्त गर्दीत. जिना आधी एकेक पाय टाकत चढायची, तो आता सलग पावलं टाकत चढते, उतरताना कठडा धरते. बधिर जागा लहान झालीय, गेलेली नाही. थंडीत आखडतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघा बदललेल्या पाच जणांत साधारण एक जण मनासारखा खूश नसतो, आणि चांगल्या नोंदी ठेवणाऱ्या देशांच्या आकड्यांवरून शंभरातले ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. अर्धा स्टार मी कापला तो यासाठी की मूळचा गुडघा परत येत नाही, आई खुश आहे पण ती म्हणते हा माझा नाही, चांगला आहे पण माझा नाही.

डाव्या गुडघ्याचा एक्सरे दिवाळीनंतर परत काढायचाय, उभं राहून. तोपर्यंत वजन, व्यायाम आणि फार दुखलं तर पॅरासिटामॉल, ती लाल गोळी घरातून काढून टाकलीय. आईचा वॉकर आणि कमोडची खुर्ची सध्या मोकळी आहे, स्वच्छ धुऊन ठेवलीय, कराडच्या बाजूला कुणाच्या घरी ऑपरेशन ठरलं असेल तर सांगा, पैसे नकोत, काम झालं की पुढच्या माणसाला द्या, आणि मूठ मनगटाच्या रेषेवर घ्यायला विसरू नका.